फिरत्या तबकडीची नक्कल : ड्रीमकास्टच्या डिस्क ड्राइव्हऐवजी घरी घडवलेला सर्किट बोर्ड

सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट हा गेम कन्सोल २७ नोव्हेंबर १९९८ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. ३१ मार्च २००१ नंतर त्याचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय कंपनीने त्याच वर्षीच्या जानेवारीत जाहीर केला. त्यामुळे आज चालू स्थितीत असलेला जवळजवळ प्रत्येक ड्रीमकास्ट दोन दशकांहून जुना आहे. त्याच्या आत हिताचीचा २०० मेगाहर्ट्‌झचा एसएच-४ प्रोसेसर, १६ मेगाबाइट मुख्य मेमरी, चित्रांसाठी पॉवरव्हीआर कुळातली चिप आणि आवाजासाठी यामाहाची आयका ही चिप आहे. या चिपांना एवढ्या वर्षांत फारसे काही झालेले नसते. थकतो तो ड्राइव्ह. लेसर डायोडचा उजेड वर्षागणिक मंदावतो, लेन्सवर धूळ बसते, सरकदांड्यावरचे ग्रीस वाळून चिकट होते, प्लास्टिकचे दाते झिजतात. लेन्सजवळचा चिमुकला पोटेन्शिओमीटर फिरवून लेसरला जास्त प्रवाह द्यायचा, हा दुरुस्तीवाल्यांचा जुना तोडगा. त्याने काही काळ निभते, पण डायोडचे उरलेले आयुष्य त्यातच खर्ची पडते. नवा ड्राइव्ह कोणी बनवत नाही. बाजारात मिळतो तो दुसऱ्या कन्सोलमधून काढलेला, म्हणजे तितकाच म्हातारा.

यावर हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी काढलेला मार्ग म्हणजे ड्राइव्ह समूळ काढून त्याच्या जागी एक सर्किट बोर्ड बसवणे. खेळ मेमरी कार्डावर फाइलच्या रूपात राहतो आणि बोर्ड कन्सोलशी असा वागतो की जणू आत तबकडी फिरते आहे. अशा उपकरणाला ऑप्टिकल ड्राइव्ह एम्युलेटर म्हणतात. ड्रीमकास्टसाठीचा जीडीईएमयू हा त्यांतला सर्वांत परिचित. एकट्याने रचलेला, थोड्या थोड्या संख्येने विकला गेलेला आणि पुढे चिनी नकलांमुळे जगभर पसरलेला.

असा बोर्ड रचताना पहिला प्रश्न चिपांचा किंवा तारांचा नसतो. कन्सोल आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये नेमके कुठे कापायचे, हा तो प्रश्न. प्रत्येक कन्सोलमध्ये ही सीमा वेगळ्या ठिकाणी पडते. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये ड्राइव्ह म्हणजे केवळ मोटरी आणि लेसर. लेन्सकडून आलेल्या कच्च्या विद्युत लहरींवरून बिट ओळखण्याचे काम मुख्य बोर्डवरच्या चिपा करतात. तिथे ड्राइव्हच्या केबलवर नक्कल करायची म्हणजे लेसरच्या लहरी खोट्या बनवण्यासारखे आहे. म्हणून प्लेस्टेशनचे पर्यायी बोर्ड केबल सोडून देतात आणि मुख्य बोर्डवरच्या चिपांच्या पायांवर बारीक फ्लेक्स केबल डाग देऊन जोडतात. सेगाच्या सॅटर्नमध्ये सीडीचा कारभार पाहणारा स्वतंत्र एसएच-१ प्रोसेसर मुख्य बोर्डवर असतो आणि ड्राइव्ह त्याला चपट्या केबलने जोडलेला असतो. ही केबल कुठे २० तारांची, तर कुठे २१ तारांची, त्यामुळे बोर्डही दोन तऱ्हांचे करावे लागले.

ड्रीमकास्टची सीमा मात्र नशिबाने सोयीच्या जागी आहे. सर्व्हो, बिटांची ओळख, चुकांची दुरुस्ती हे सगळे ड्राइव्हच्या स्वतःच्या बोर्डवर उरकते आणि कनेक्टरमधून पलीकडे जातो तो शुद्ध डेटा. शिवाय कनेक्टरवरची भाषा सेगाने नव्याने शोधलेली नाही. ती त्या काळच्या संगणकांतील हार्ड डिस्कची एटीए ही पद्धतच आहे. ती इतकी जवळची आहे की हौशी मंडळींनी ड्रीमकास्टच्या याच बसवर, म्हणजे जी-१ बसवर, साधी आयडीई हार्ड डिस्कसुद्धा जोडून दाखवली आहे. सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी उभ्या माणसाला आतला कारकून कोण हे कळत नाही, त्याला फक्त शिक्का मारून आलेला कागद दिसतो, कन्सोलचेही तसेच. कागद वेळेवर आणि ठरल्या नमुन्यात आला म्हणजे झाले.

नमुना समजण्यासाठी आधी तबकडी समजून घ्यावी लागते. ड्रीमकास्टचे खेळ जीडी-रॉम या यामाहाने विकसित केलेल्या तबकडीवर येत. ती दिसते सीडीसारखी, पण तिचे दोन भाग आहेत. आतला भाग साध्या सीडीच्या घनतेचा, सुमारे ३५ मेगाबाइटचा. तो घरच्या सीडी प्लेयरमध्ये वाजतो आणि ‘ही तबकडी इथे लावू नका’ अशी सूचना ऐकवतो. बाहेरचा भाग दाट, ११२ मिनिटांचा. सीडीच्या हिशेबाने सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे ११२ मिनिटांत ५,०४,००० सेक्टर. प्रत्येकात २,०४८ बाइट उपयुक्त डेटा धरला तर १,०३,२१,९२,००० बाइट. खेळ राहतो तो या भागात. तो ४५,००० क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होतो. ड्राइव्हशी बोलताना या क्रमांकात सुरुवातीच्या दोन सेकंदांचे १५० सेक्टर मिळवायचे असतात, म्हणजे ४५,१५०. नवख्यांच्या फर्मवेअरमध्ये पहिली गफलत बहुधा या दीडशेचीच असते.

संगणकावर अशा तबकडीची प्रतिमा जीडीआय या नमुन्यात ठेवतात. त्यात एक छोटी मजकूर-फाइल असते आणि तिच्यात प्रत्येक ट्रॅकची एक ओळ: क्रमांक, सुरुवातीचा सेक्टर, प्रकार (आवाज असेल तर ०, डेटा असेल तर ४), सेक्टरचा आकार आणि फाइलचे नाव. तिसऱ्या ट्रॅकच्या ओळीत ४५,००० हा आकडा हटकून दिसतो.

आता संभाषण. एटीए पद्धतीत १६ डेटा-तारा, तीन पत्त्याच्या तारा आणि दोन निवडीच्या तारा असतात. वाचा, लिहा, थांबा, व्यत्यय, रीसेट आणि थेट मेमरी-हस्तांतराची मागणी व मंजुरी अशा आणखी सात. एकूण २८. कन्सोल या तारांवरून ड्राइव्हच्या आठ-दहा रजिस्टरांत लिहितो आणि वाचतो. एक सेक्टर मागवायचा असेल तर तो आधी कमांड रजिस्टरमध्ये षोडशमान ‘ए०’ लिहितो, ज्याचा अर्थ ‘पुढे पाकीट येत आहे’ असा. ड्राइव्ह स्थिती-रजिस्टरमधला ‘कामात आहे’ हा बिट क्षणभर वर करून खाली घेतो आणि ‘पाठवा’ हा बिट वर करतो. मग कन्सोल १६-१६ बिटांच्या सहा शब्दांत १२ बाइटचे पाकीट पाठवतो. पहिला बाइट षोडशमान ३० असेल तर ती वाचनाची आज्ञा. तिसऱ्या ते पाचव्या बाइटमध्ये सुरुवातीचा सेक्टर, नवव्या ते अकराव्यात किती सेक्टर हवेत ती संख्या. १४ आली तर तबकडीची अनुक्रमणिका द्यायची, २० आली तर गाणे सुरू करायचे, २१ आली तर लेन्स हलवायची. अशा आज्ञा दीड-दोन डझनच आहेत. हा सारा तपशील हौशी अभ्यासकांनी फार पूर्वीच उलगडून ठेवल्यामुळे ड्रीमकास्टसाठी बोर्ड करणाऱ्याला सगळे शून्यातून शोधावे लागत नाही.

आणखी एक रजिस्टर नीट पाहण्याजोगे आहे. एटीएच्या मूळ रचनेत जिथे सेक्टर क्रमांक असतो, तिथे सेगाच्या ड्राइव्हने स्वतःची खबर ठेवली आहे. खालच्या चार बिटांत ड्राइव्हची अवस्था: १ म्हणजे थबकला आहे, ३ म्हणजे वाजवतो आहे, ६ म्हणजे झाकण उघडे, ७ म्हणजे तबकडी नाही. वरच्या चार बिटांत तबकडीची जात, आणि तिथे ८ असेल तर जीडी-रॉम. या एका बाइटमध्ये ८ न लिहिता १ लिहिले की कन्सोल समोरच्या तबकडीला साधी सीडी-रॉम समजतो.

भाषा अशी सोपी असली तरी वेळ अवघड आहे. कन्सोलने वाचनाची तार खाली ओढली की ठराविक काळात डेटा-तारांवर उत्तर हजर हवे. एटीएच्या पीआयओ-४ या गतीत ही तार ७० नॅनोसेकंद खाली असते आणि ती वर येण्याआधी किमान २० नॅनोसेकंद उत्तर स्थिर असावे लागते. हातात उरतात ५० नॅनोसेकंद. राहून राहून आरपी२०४० या, जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या स्वस्त चिपचे नाव हौशी मंडळींच्या तोंडी येते. तिचे घड्याळ १३३ मेगाहर्ट्‌झचे, म्हणजे एका टिकटिकीला साडेसात नॅनोसेकंद. पन्नासात बसतात जेमतेम साडेसहा टिकटिकी. आणि तिच्या कॉर्टेक्स-एम०+ गाभ्याला व्यत्ययाला ‘ओ’ द्यायलाच १५ लागतात. नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्राम इथे उत्तराचा पहिला बिट ठेवण्याआधीच नापास होतो.

म्हणून तारांजवळचे काम प्रोग्रामकडे न देता हार्डवेअरकडे द्यावे लागते. जुना आणि खात्रीचा मार्ग एफपीजीए चिपचा. तिच्यात सर्व रजिस्टरे प्रत्यक्ष गेटांच्या रूपात बांधायची. ती क्षणार्धात उत्तर देतात आणि शेजारचा मायक्रोकंट्रोलर सवडीने आज्ञांचा अर्थ लावत बसतो. जीडीईएमयूची मांडणी याच धर्तीची आहे. दुसरा मार्ग आरपी२०४० मधल्या पीआयओ या छोट्या स्वतंत्र यंत्रांचा (एटीएच्या पीआयओ-४ गतीशी त्यांचे फक्त नाव जुळते). ती मुख्य गाभ्याची वाट न पाहता पिना हलवतात. पण इथे पिनांचा हिशेब आडवा येतो. एटीएच्या २८, मेमरी कार्डाच्या चार डेटा-तारा, घड्याळ आणि आज्ञा मिळून ६, आवाजाच्या ३, एकूण ३७. आरपी२०४० ला पिना ३०. मग काही तारा कुलूप-चिपांमार्फत आळीपाळीने वापराव्या लागतात आणि वाचलेले पैसे त्या चिपांत जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या आरपी२३५० च्या मोठ्या आवृत्तीत ४८ पिना आहेत. तिच्यामुळे हा पेच बराच सुटतो. तरीही एकच बोर्ड करायचा असेल आणि तो चालायलाच हवा असेल, तर एफपीजीए घ्यावा. तो महाग पडतो, पण वेळेचा हिशेब त्यात कागदावर मांडून तपासता येतो.

बोर्डची प्रत्यक्ष आखणी संगणकावर होते. किकॅड हे त्यासाठीचे मुक्त सॉफ्टवेअर १९९२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाले आणि २०१३ पासून जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने त्याच्या विकासाला हातभार लावला. आज ते व्यावसायिक कामालाही पुरते. आखणीतला सर्वांत जिकिरीचा भाग कनेक्टर आणि स्क्रूची भोके. ड्रीमकास्टचा ड्राइव्ह केबलने जोडलेला नसतो. त्याच्या खालचा कनेक्टर मुख्य बोर्डवरच्या कनेक्टरमध्ये थेट दाबून बसतो. त्यामुळे पर्यायी बोर्डची उंची, भोके आणि कनेक्टर यांचे परस्पर अंतर काटेकोर जुळावे लागते, नाहीतर स्क्रू आवळताच सगळा ताण डागांवर येतो. मूळ ड्राइव्हचा बोर्ड काढून फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयने स्कॅन करावा. त्यात एक ठिपका सुमारे ०.०४ मिलिमीटरचा पडतो. ते चित्र किकॅडमध्ये पार्श्वभूमीला ठेवून भोके आखावीत, व्हर्निअर कॅलिपरने महत्त्वाची अंतरे पुन्हा मोजावीत, आणि शेवटी आखणी खऱ्या मापात कागदावर छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून कन्सोलमध्ये ठेवून पाहावी. पुठ्ठा फुकट असतो. कारखान्यातून आलेला चुकीचा बोर्ड फुकट नसतो.

तारांच्या बाबतीत एक गैरसमज हौशी आखण्यांत वारंवार दिसतो. सोळाही डेटा-तारा समान लांबीच्या करण्यासाठी नागमोडी वळणे घातलेली असतात. एफआर-४ या नेहमीच्या बोर्डवर संकेत एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. दोन तारांत पाच सेंटिमीटरचा फरक पडला तरी वेळेतला फरक एक तृतीयांश नॅनोसेकंदाचा. पीआयओ-४ च्या १२० नॅनोसेकंदांच्या फेऱ्यात तो कोणाच्या खिजगणतीत नाही. ती वळणे केवळ शोभेची. खरी काळजी वेगळी आहे: सोळा तारा एकाच क्षणी ० वरून १ वर गेल्या की ग्राउंडच थरथरते आणि शेजारच्या वाचनाच्या तारेवर खोटी टिचकी उमटते. त्यासाठी शक्य तर चार थरांचा बोर्ड घेऊन आतला एक थर अखंड ग्राउंड ठेवावा, प्रत्येक चिपच्या पुरवठ्याच्या पायाला लगटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, आणि डेटा-तारांत उगमापाशी २२ ते ३३ ओहमचे रेझिस्टर घालावेत.

व्होल्टेजचा प्रश्न ड्रीमकास्टच्या पिढ्यांशी बांधलेला आहे. जाणकार मंडळी मुख्य बोर्डांना व्हीए-०, व्हीए-१, व्हीए-२ अशी नावे देतात. आरंभीच्या व्हीए-० मध्ये ड्राइव्हच्या तारा ५ व्होल्टच्या, व्हीए-१ मध्ये ३.३ व्होल्टच्या, जीडीईएमयू व्हीए-१ साठीच रचलेला होता तो यामुळे. दोन्हींत चालणारा बोर्ड करायचा तर मध्ये ७४एलव्हीसी२४५ सारख्या चिपा घालाव्यात. त्या स्वतः ३.३ व्होल्टवर चालतात आणि ५ व्होल्टचा संकेत निमूट सोसतात. पुरवठ्यातही एक गंमत आहे. कन्सोलचा वीजपुरवठा १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो, त्यांतले १२ व्होल्ट ड्राइव्हच्या मोटरीसाठी. ड्राइव्ह काढला की ही लाइन बिनभाराची राहते आणि तिचे व्होल्टेज चढते. म्हणून अनेक जण तिथे रेझिस्टरचा कृत्रिम भार ठेवतात.

साठवणुकीचा भाग त्यामानाने सुखाचा. मूळ ड्राइव्हचा वेग जास्तीत जास्त १२ पट, म्हणजे सेकंदाला सुमारे १८ लाख बाइट. एसडी कार्ड चार तारांवर २५ मेगाहर्ट्‌झने चालवले तर सैद्धांतिक वेग सेकंदाला सव्वा कोटी बाइटचा आहे. कार्डाचा दोष वेगळाच: ते मधेच थबकते. प्रमाणित नियमांनुसार वाचनाला १०० मिलिसेकंदांपर्यंत मुभा आहे. त्यामुळे पुढचे काही सेक्टर आधीच वाचून मेमरीत ठेवावे लागतात. फाइल कार्डावर तुकड्यातुकड्यांनी पडली असेल तर आणखी एक अडचण उभी राहते. प्रत्येक सेक्टर २,३५२ बाइटचा धरला तर पूर्ण भरलेल्या जीडीची प्रतिमा ११८ कोटी बाइटच्या पुढे जाते. ३२ किलोबाइटच्या तुकड्यांत तिचे ३६ हजारांहून अधिक तुकडे होतात आणि त्यांचे पत्ते मेमरीत ठेवायला १४० किलोबाइटच्या वर जागा लागते. आरपी२०४० ची सगळी मेमरी मुळात २६४ किलोबाइटची. कार्ड फॉरमॅट करून फाइली एकामागून एक सलग टाकल्या तर हाच तक्ता एका ओळीचा होतो. वापरणाऱ्याला ही शिस्त लावणे फर्मवेअर लिहिण्यापेक्षा सोपे की अवघड, यावर मतभेद होऊ शकतात.

आवाजाचा मार्ग स्वतंत्र आहे आणि तो हमखास विसरला जातो. ज्या खेळांत संगीत सीडीच्या ट्रॅकवर आहे, तिथे ड्राइव्ह तो आवाज एटीएच्या तारांवरून न पाठवता वेगळ्या अनुक्रमिक तारांवरून थेट आयका चिपला देतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन बाजू, १६ बिट. म्हणजे १४,११,२०० बिट. हा प्रवाह बोर्डाने स्वतःच्या क्रिस्टलच्या ठोक्यावर पाठवला तर बोर्डाचे आणि कन्सोलचे घड्याळ किंचित वेगळे पडते आणि दर थोड्या वेळाने एक नमुना गळतो किंवा दुहेरी होतो. कानाला तो बारीक टक् असा ऐकू येतो. दोन्ही बाजूंना एकच घड्याळ वापरणे हाच त्यावरचा उपाय.

ड्राइव्हची नक्कल म्हणजे त्याच्या दुबळेपणाचीही नक्कल. डिसेंबर १९९९ मध्ये जपानमध्ये आलेला ‘शेनमू’ हा खेळ तीन तबकड्यांत विभागलेला होता आणि सोबत चौथी पासपोर्ट नावाची. खेळ मध्यावर ‘दुसरी तबकडी लावा’ म्हणतो, तेव्हा बोर्डला झाकण उघडल्याचे नाटक करावे लागते: अवस्था ६, मग झाकण मिटून नवी तबकडी चाचपताना ०, म्हणजे कामात, मग १, आणि पुढच्या पहिल्या आज्ञेला ‘माध्यम बदलले आहे’ ही चूक. ही चूक न कळवता नवी अनुक्रमणिका दिली तर कन्सोल जुनाच नकाशा धरून बसतो. जीडीईएमयूमध्ये यासाठी एक बटण आहे आणि कार्डावर ०१, ०२, ०३ अशा नावांचे फोल्डर. बटण दाबले की पुढचा फोल्डर म्हणजे पुढची तबकडी. तसेच लेन्स सरकायला मूळ ड्राइव्हला शेकडो मिलिसेकंद लागू शकत. कार्ड ते काम क्षणात करते. आज्ञा संपायला वेळ लागेल असे गृहीत धरून लिहिलेला खेळ एवढ्या तत्परतेने गोंधळू शकतो, म्हणून फर्मवेअरमध्ये मुद्दाम उशीर करण्याची सोय ठेवावी.

चाचणीसाठी लॉजिक अॅनलायझर लागतो. बाजारात स्वस्तात मिळणारा आठ वाहिन्यांचा, २४ मेगाहर्ट्‌झचा अॅनलायझर दर ४२ नॅनोसेकंदांनी एकदा पाहतो. ७० नॅनोसेकंदांची टिचकी त्याला एकदाच, फार तर दोनदा दिसते. तो आज्ञांचा क्रम समजायला पुरतो, वेळ मोजायला नाही. काम हळूहळू वाढवावे: आधी फक्त स्थिती-रजिस्टर, मग ‘तबकडी नाही’ हे उत्तर, मग अनुक्रमणिका, मग खेळाच्या डेटाचे पहिले १६ सेक्टर. या १६ सेक्टरांच्या सुरुवातीलाच ‘सेगा सेगाकटाना’ ही अक्षरे असतात. ती बसवर जशीच्या तशी दिसली की डेटाच्या तारा उलटसुलट झालेल्या नाहीत हे कळते.

राहता राहिला कायदा. जीडीच्या दाट भागापर्यंत संगणकाचा साधा ड्राइव्ह सहजी पोहोचत नाही, म्हणून मालकीच्या तबकडीची प्रतिमा बहुधा कन्सोलकडूनच वाचून घेतली जाते. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एए) संगणक-प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती हरवू वा खराब होऊ नये एवढ्यापुरती राखीव प्रत करण्याची मुभा देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए तांत्रिक कुलपे मोडण्याला शिक्षा सांगते, पण त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. अमेरिकेतील १९९८ चा कायदा अधिक कडक आहे. तिथे ऑक्टोबर २०२१ मध्ये गेम कन्सोलच्या दुरुस्तीला सूट मिळाली ती नेमकी ऑप्टिकल ड्राइव्हपुरती, आणि दुरुस्तीनंतर मूळ कुलूप पुन्हा जागेवर बसवण्याच्या अटीवर. बिघडलेला ड्राइव्ह बदलण्याला ती सूट लागू आहे. इतरांना विकण्यासाठी कुलूप उघडणारी साधने बनवण्याला नाही.